‘इथे बनवा’ आणि ‘इथलेच विकत घ्या’: जागतिक व्यापाराच्या नियमांत औद्योगिक धोरणाला किती जागा आहे?

प्रश्नचिन्ह:

नमस्कार. गेले काही महिने मी औद्योगिक धोरणांविषयी वाचतो आहे आणि एका विसंगतीपाशी येऊन अडलो आहे. एकीकडे असे ठामपणे लिहिलेले आढळते की १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाल्यापासून सरकारांच्या हाती आपले उद्योग उभे करण्याची साधनेच उरलेली नाहीत आणि दक्षिण कोरियाने १९७० च्या दशकात जे केले ते आज कोणी करू गेले तर त्याला तंट्याला तोंड द्यावे लागेल. दुसरीकडे पाहावे तर अमेरिकेने २०२२ च्या चिप कायद्यात सेमीकंडक्टरच्या कारखान्यांना प्रोत्साहन म्हणून ३९ अब्ज डॉलर उघडपणे बाजूला काढले आहेत, भारतात २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना, म्हणजे ‘पीएलआय’, एकामागून एक चौदा क्षेत्रांत लागू झाली आहे, आणि चीनविषयी तर वेगळे सांगायलाच नको.

मग नियम नेमके कशाला मनाई करतात? मनाई असूनही सगळे जण ती मोडत आहेत, की मुळात तशी मनाईच नाही? ‘सध्या नियमांना कोणी विचारत नाही’ हे उत्तर मला ठाऊक आहे, पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही, कारण ज्या योजना जाहीर होतात त्यांची भाषा पाहिली तर कोणीतरी कराराचे कलम समोर ठेवून ती लिहिली असावी असे वाटत राहते. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

करारवाचक:

आपली शेवटची शंका अगदी योग्य जागी बोट ठेवते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. योजनांचे मसुदे खरोखरच कलमे समोर ठेवून लिहिले जातात. याचे कारण असे की हे करार एखाद्या देशाच्या धोरणाचा हेतू तपासत बसत नाहीत. त्या धोरणाखाली पैसा किंवा सवलत कोणत्या अटीवर मिळते, एवढेच ते पाहतात. हेतू उद्योग उभारण्याचा असला म्हणून काही बिघडत नाही. अट चुकीची असली की बिघडते.

या बाबतीत मुख्य करार ‘अनुदाने आणि प्रतिपूरक उपाय’ यांविषयीचा आहे. सरकारने आर्थिक हातभार लावला, त्यामुळे घेणाऱ्याला बाजारात एरवी मिळाला नसता असा लाभ झाला आणि तो लाभ ठरावीक उद्योगांपुरता मर्यादित असला, की ते या कराराच्या कक्षेतले अनुदान ठरते. मात्र कक्षेत आले म्हणजे निषिद्ध झाले असे नव्हे, आणि बहुतेक लेखांत घोटाळा होतो तो इथेच. तिसऱ्या कलमानुसार सरसकट निषिद्ध अनुदाने दोनच प्रकारची आहेत: जे निर्यात करण्याच्या अटीवर दिले जाते ते, आणि जे आयात मालाऐवजी देशी माल वापरण्याच्या अटीवर दिले जाते ते. बाकीची अनुदाने देता येतात. फक्त त्यामुळे आपल्या उद्योगाची हानी झाली हे दुसऱ्या देशाने सिद्ध केले, तर अनुदान काढून घ्यावे लागते किंवा त्याचे दुष्परिणाम दूर करावे लागतात.

याच्या जोडीला गॅट, म्हणजे वस्तूंच्या व्यापारावरील मूळ करार, यातील तिसरे कलम वाचावे. आयात माल एकदा सीमाशुल्क भरून देशात आला की त्याला देशी मालाहून हीन वागणूक देता येत नाही, हे त्याचे मूळ सूत्र आहे. परंतु त्याच कलमाचा आठवा परिच्छेद म्हणतो की केवळ देशी उत्पादकांना अनुदान देणे हा या सूत्राचा भंग नाही. म्हणजे सरकार आपल्या देशात कारखाना काढणाऱ्याला पैसे देऊ शकते आणि परदेशातल्या कारखान्याला देण्याचे त्याच्यावर बंधन नाही. पण त्या कारखान्याने सुटे भाग कोणाकडून घ्यावेत हे त्या पैशाच्या जोरावर सरकारला ठरवता येत नाही. मी हे स्वतःपुरते असे लक्षात ठेवतो: ‘इथे बनवा’ ही अट चालते, ‘इथलेच विकत घ्या’ ही चालत नाही.

या रेषेवर झालेले तंटे पाहिले की ती पुष्कळ स्पष्ट होते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने पवन आणि सौर ऊर्जेला चढा खरेदीदर देताना उपकरणांचा ठरावीक भाग प्रांतात तयार झालेला असावा अशी अट घातली होती. जपान आणि युरोपीय संघाने तक्रार केली आणि मे २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने, म्हणजे तंट्यांतील शेवटच्या पायरीने, ती अट नियमबाह्य ठरवली. भारताच्या राष्ट्रीय सौर अभियानात देशी सेल आणि पॅनेल वापरण्याची अट होती. अमेरिकेच्या तक्रारीवर सप्टेंबर २०१६ मध्ये निर्णय भारताच्या विरोधात गेला. दोन्ही देशांनी ‘ही सरकारी खरेदी आहे, तिला सूट आहे’ असा बचाव केला होता. तो टिकला नाही, कारण सरकार विकत घेत होते वीज आणि भेदभाव होत होता तो उपकरणांत. पुढे भारताने अमेरिकेतील आठ राज्यांच्या अपारंपरिक ऊर्जा योजनांवर तशीच तक्रार केली आणि जून २०१९ मध्ये पॅनेलने, म्हणजे तंट्याचा पहिला निकाल देणाऱ्या पंचमंडळाने, भारताची बाजू उचलून धरली. अट तीच, म्हणून निकालही तोच. धोरण ‘हरित’ होते याने कोणालाच वाचवले नाही.

उलट बाजूचे उदाहरण २०१७ चे आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने बोइंगला दिलेली करसवलत एका अटीला बांधलेली होती: नव्या विमानाची अंतिम जुळणी आणि त्याच्या पंखांची जुळणी राज्यातच झाली पाहिजे. युरोपीय संघाचे म्हणणे असे की याचा अर्थ आयात केलेले पंख वापरू नका असाच होतो. पॅनेलने ते अंशतः मान्य केले, पण अपील मंडळाने तो निष्कर्ष फिरवला: उत्पादनाचे अमुक काम अमुक ठिकाणी करा असे सांगणे आणि आयात मालाऐवजी देशी माल वापरा असे सांगणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, भले पहिलीमुळे आयात कमी होत असेल. औद्योगिक धोरणाला उरलेली जागा समजून घ्यायची असेल तर माझ्या मते या निकालाइतके उपयोगी वाचन दुसरे नाही.

आता दक्षिण कोरियाविषयी. १९७३ मध्ये सुरू झालेल्या अवजड आणि रसायन उद्योगांच्या मोहिमेत स्वस्त कर्जे होती, संरक्षण होते आणि कंपन्यांवर निर्यातीचा धाक होता. स्वस्त कर्जे आजही देता येतात, जोखीम पत्करून. पण ‘निर्यात केलीस तरच कर्ज’ असे आज म्हणता येणार नाही, आणि खरे पाहता त्या धोरणाचा कणा तोच होता. कारण कोणती कंपनी सरकारी पैसा सत्कारणी लावते आहे आणि कोणती नुसती खाते आहे, हे सरकारला परदेशी बाजारातूनच कळत असे. तेव्हा आपण वाचलेले विधान अर्धे खरे आहे: औद्योगिक धोरणाला बंदी नाही, पण त्या धोरणाला शिस्त लावण्याचे जे सर्वांत परिणामकारक साधन इतिहासात दिसते, त्याला बंदी आहे.

दुसरी बाजू:

करारवाचक यांनी कायद्याची मांडणी नेमकी केली आहे, तिच्याशी माझा वाद नाही. माझा आक्षेप ‘जागा उरलेली आहे’ या निष्कर्षावर आहे. कोणासाठी उरलेली आहे?

देशी माल वापरण्याच्या अटीचा विचार करा. तिच्यासाठी सरकारी तिजोरीतून एक पैसाही जात नाही. भार ग्राहकावर आणि जुळणी करणाऱ्या कंपनीवर पडतो. ती अट कार्यक्षम आहे असे मी म्हणत नाही, पण ज्या सरकारपाशी पैसा नाही त्याला परवडणारे ते साधन होते. रोख अनुदानाला मात्र पैसा लागतो. ३९ अब्ज डॉलर एका उद्योगासाठी बाजूला काढणे जगात किती सरकारांना जमेल? म्हणजे नियमांनी श्रीमंत तिजोरीचे साधन तक्रारीच्या जोखमीवर का होईना चालू ठेवले आणि गरीब तिजोरीचे साधन सरळ बंद केले. कागदावर कलम सर्वांना सारखेच आहे, हे मान्य. पण ज्याच्या हाती दुसरे काहीच नव्हते त्याचे नुकसान अधिक झाले.

सवलती होत्या, हेही खरे. अतिअविकसित देशांना, आणि ज्यांचे दरडोई राष्ट्रीय उत्पन्न १९९० च्या स्थिर किमतींनुसार एक हजार डॉलरच्या खाली आहे अशा यादीतील देशांना, निर्यात अनुदानाच्या मनाईतून सूट आहे. पण ही सूट म्हणजे उंबरठा आहे. भारताने तो सलग तीन वर्षे ओलांडल्यावर अमेरिकेने तक्रार केली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये पॅनेलने भारताच्या निर्यातीशी निगडित बहुतेक योजना निषिद्ध ठरवल्या. उंबरठा ओलांडल्यावर योजना गुंडाळण्यासाठी आठ वर्षे मिळावीत असे भारताचे म्हणणे होते. ती आठ वर्षे १९९५ पासूनच मोजायची होती आणि केव्हाच संपली, असे त्याला सांगण्यात आले. एखादा उद्योग पायावर उभा राहू लागतो त्याच सुमारास आधार काढून घेण्याची ही रीत मला चमत्कारिक वाटते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मूळ करारात अनुदानांचा तिसरा वर्गही होता: संशोधन, मागास प्रदेश आणि पर्यावरणाच्या नव्या निकषांशी जुळवून घेण्याचा खर्च यांसाठी दिलेल्या अनुदानांवर, ठरावीक मर्यादेत, तक्रारच करता येत नव्हती. त्या तरतुदीची मुदत पाच वर्षांची होती. १९९९ च्या अखेरीस ती संपली आणि सदस्य देशांनी ती वाढवली नाही. हवामानबदलाच्या नावाखाली अनुदानांवरून आज जी भांडणे चालली आहेत त्यांतील काही तरी या एका कलमाने टळली असती.

शिवाय औद्योगिक धोरण म्हणजे केवळ अनुदान नव्हे. भारतातील औषधनिर्मिती उद्योगाच्या वाढीत १९७० च्या पेटंट कायद्याचा मोठा वाटा आहे. त्या कायद्याखाली औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे तोच रेणू वेगळ्या पद्धतीने बनवणे कायदेशीर होते आणि त्यातून रसायनशास्त्रज्ञांची एक पिढी घडली. बौद्धिक संपदेच्या ट्रिप्स करारामुळे १ जानेवारी २००५ पासून भारताला औषधांवर उत्पादन-पेटंट द्यावे लागले. आज तशा मार्गाने औषध उद्योग उभारू पाहणाऱ्या देशाला, तो अतिअविकसित वर्गात नसेल तर, ती वाट मोकळी नाही. आणि ज्या देशांनी कापडावर १९७४ ते २००४ अशी तीस वर्षे विकसनशील देशांविरुद्ध कोटे राखले, त्यांनीच खुल्या स्पर्धेचे धडे द्यावेत, हे मला आजही गंमतीचे वाटते. असो.

प्रश्नचिन्ह:

दोघांचेही मनापासून आभार. ‘इथे बनवा’ आणि ‘इथलेच विकत घ्या’ हा भेद मला प्रथमच नीट कळला. दोन उपप्रश्न उरतात. एक: अनुदान बाजूला ठेवून सरकारने सरळ आयातशुल्क वाढवले तर त्याला काय अडचण आहे? आणि दोन: अपील मंडळच बंद पडले आहे असे वाचतो, मग या निकालांना आज अर्थ किती उरतो?

जकातनाका:

आयातशुल्काच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. प्रत्येक सदस्य देशाने वस्तुनिहाय कमाल दर मान्य केलेले असतात, त्यांना बांधील दर म्हणतात. प्रत्यक्ष आकारला जाणारा दर त्याहून कमी असेल तर मधल्या अंतरात तो वर-खाली करण्याची पूर्ण मोकळीक असते. बऱ्याच विकसनशील देशांच्या बाबतीत हे अंतर मोठे आहे, विकसित देशांच्या बाबतीत ते नगण्य. त्यामुळे ‘दुसरी बाजू’ यांनी रंगवलेल्या चित्राला इथे एक छेद जातो: गरीब तिजोरीच्या हाती हे साधन शिल्लक आहे, आणि त्यातून तिजोरीत उलट भरच पडते.

पण बांधील दर शून्य असेल तर वाट बंद. माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील शुल्क हटवण्याचा करार १९९६ मध्ये झाला आणि भारत त्यात सामील झाला. पुढे भारताने मोबाइल फोनवर शुल्क लावले आणि २०१८ पर्यंत ते २० टक्क्यांवर नेले. १९९६ मध्ये आजच्यासारखे स्मार्टफोन अस्तित्वातच नव्हते, तेव्हा वचन त्यांना लागू नाही, असा भारताचा पवित्रा होता. युरोपीय संघ, जपान आणि तैवान यांच्या तक्रारींवर एप्रिल २०२३ मध्ये पॅनेलनी तो बव्हंशी अमान्य केला. धडा असा की शुल्क शून्यावर बांधून देताना आज दिसणाऱ्या वस्तूंसोबत उद्याच्या वस्तूंवरही आपण सही करत असतो.

निर्यातीच्या बाजूला याहून चमत्कारिक स्थिती आहे. कच्चा माल बाहेर जाऊ न देण्यासाठी निर्यातबंदी घालणे गॅटच्या अकराव्या कलमाने मना आहे, पण त्यावर निर्यातशुल्क लावणे सर्वसाधारणपणे मना नाही. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून निकेलच्या खनिजावर निर्यातबंदी घातली, हेतू हा की धातू गाळण्याचे कारखाने देशातच उभे राहावेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये पॅनेलने ती नियमबाह्य ठरवली. चीनला मात्र निर्यातशुल्काचीही मोकळीक नव्हती, कारण २००१ मध्ये सदस्य होताना त्याने बहुतेक वस्तूंवर ते न लावण्याचे वेगळे वचन दिले होते. दुर्मीळ मृदा-खनिजांच्या २०१४ च्या तंट्यात ते वचन त्याला भोवले.

आता अपील मंडळ. सात जणांचे हे मंडळ, प्रत्येक अपिलाला तिघे लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका रोखून धरल्या आणि ११ डिसेंबर २०१९ पासून सुनावणीला पुरेसे सदस्यच उरले नाहीत. तेव्हापासून पॅनेलचा निकाल नको असेल तर अपील करून ठेवायचे, की तो निकाल अधांतरी लटकतो. इंडोनेशियाने निकेलच्या बाबतीत हेच केले. भारताने निर्यात योजनांच्या तंट्यात आणि फोनशुल्कावरील जपानच्या तक्रारीत हेच केले. २०२० मध्ये युरोपीय संघ, चीन आणि इतर काही सदस्यांनी आपसांत लवादाची तात्पुरती सोय केली, पण अमेरिका आणि भारत त्यात नाहीत.

तरीही निकालांना अर्थ उरलेला नाही हे म्हणणे मला घाईचे वाटते. मुळात मंडळ चालू असतानाही शिक्षा मागील तारखेपासून होत नसे. योजना चार-पाच वर्षे चालायची, निकाल लागायचा, मग अट मागे घेतली की प्रकरण मिटले; तोवर कारखाने उभे राहिलेले असत. एअरबस आणि बोइंग यांचा तंटा २००४ मध्ये सुरू झाला आणि प्रतिशुल्काच्या (निकाल न पाळणाऱ्याच्या मालावर तक्रारदाराने प्रत्युत्तरादाखल लावायच्या शुल्काच्या) रकमा, म्हणजे अमेरिकेला वर्षाला साडेसात अब्ज डॉलर आणि युरोपला सुमारे चार अब्ज, ठरायला २०१९ आणि २०२० साल उजाडले.

खरा धाक जिनिव्हाचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या मुख्यालयाचा, नसून आयात करणाऱ्या देशाच्या चौकशी अधिकाऱ्याचा आहे. अनुदानित मालाने आपल्या उद्योगाची हानी होते असे त्या देशाने स्वतः चौकशी करून ठरवले, की तो प्रतिपूरक शुल्क लावू शकतो. त्यासाठी जागतिक व्यापार संघटनेची आगाऊ परवानगी लागत नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनी विद्युत मोटारींवर नेहमीच्या १० टक्के शुल्काच्या वर कमाल ३५.३ टक्क्यांपर्यंत असे शुल्क लावले, आणि ते कंपनीनिहाय वेगवेगळे होते. तेव्हा करारवाचक यांची ‘इथे बनवा’ ही अट कायदेशीर असली तरी माल निर्यात करायचा झाल्यास सुरक्षित नाही, ही पुस्ती जोडावी लागते. देशातच खपणाऱ्या मालाला दिलेले अनुदान या शुल्काच्या कचाट्यात येत नाही. बाहेर पाठवायच्या मालाला दिलेले येऊ शकते.

करारवाचक:

जकातनाका यांची पुस्ती मान्य आहे. ती मी सुरुवातीलाच द्यायला हवी होती. ‘दुसरी बाजू’ यांचा तिजोरीचा मुद्दाही मी खोडून काढणार नाही. फक्त, योजनांची भाषा कलमे पाहून लिहिली जाते या मूळ शंकेला दोन पुरावे देतो.

पहिला पुरावा निर्यात योजनांचा. भारताने २०१९ च्या निकालावर अपील करून तो लटकत ठेवला खरा, पण निर्यात मूल्याच्या टक्केवारीत बक्षीस देणारी जुनी योजना त्याने बंद केली आणि १ जानेवारी २०२१ पासून तिच्या जागी, निर्यात मालावर आधीच पडलेले आणि परत न मिळालेले कर परत करणारी योजना आणली. निर्यात मालावरचा तेवढाच कर परत करणे हे करारानुसार अनुदानच ठरत नाही. निकाल अधांतरी असूनही मसुदा बदलला, याकडे लक्ष वेधतो.

दुसरा पुरावा पीएलआयचा. मोबाइल फोनच्या योजनेत आधारवर्षापेक्षा वाढलेल्या विक्रीवर ४ ते ६ टक्के प्रोत्साहन आहे. ‘निर्यात’ ही अट त्यात मुद्दाम नाही, जरी माल मोठ्या प्रमाणावर बाहेर जावा अशीच अपेक्षा असली तरी. हा बोइंगच्या निकालाच्या अंगाने चालणारा मसुदा आहे. पण विद्युत वाहनांना लागणाऱ्या प्रगत बॅटरीच्या योजनेत गोष्ट अवघड होते. तिथे दोन वर्षांत किमान २५ टक्के आणि पाच वर्षांत ६० टक्के देशी मूल्यवर्धन मागितले आहे. हे मूल्यवर्धन कंपनीने स्वतःच्या कारखान्यात अधिक टप्पे करून गाठले तर ते ‘इथे बनवा’ या बाजूला पडते. परंतु मोजण्याच्या सूत्रात विक्रीच्या किमतीतून केवळ आयात मालाची किंमत वजा होत असेल, तर देशी पुरवठादाराकडून घेतलेला प्रत्येक भाग मूल्यवर्धनात जमा होतो आणि परदेशातून घेतलेला होत नाही. मग तीच टक्केवारी ‘इथलेच विकत घ्या’ या बाजूला सरकते. चीनने ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताच्या वाहन आणि बॅटरी क्षेत्रांतील प्रोत्साहनांवर सल्लामसलतीची जी विनंती दाखल केली, तिचा रोख देशी मूल्यवर्धनाच्या अशाच अटींवर आहे. आपण मूळ योजना वाचायला घेणार असाल तर प्रस्तावना सोडून द्या आणि थेट व्याख्यांच्या परिशिष्टातील ते सूत्र उघडा.